कुर्ल्याचे इंजिन, तुरीनचा आराखडा

१/ ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईची शेवटची काळी-पिवळी 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सी निवृत्त झाली. हळहळ स्वाभाविक होती. मात्र त्या हळहळीसोबत एक जुना युक्तिवादही पुन्हा वर आला: पद्मिनी 'आपली' होती, अस्सल कुर्ल्याची, मारुती ८०० आली ती जपानी इंजिन घेऊन, आणि तिने आपल्या गाडीचा घास घेतला. या थ्रेडचा विषय हा युक्तिवाद आहे. त्याचा पूर्वार्ध अर्धाच खरा आहे आणि उत्तरार्ध तर त्याहूनही कमी.

२/ प्रथम 'आपली' या शब्दाकडे पाहावे लागते. पद्मिनीच्या हुडाखाली १०८९ घनसेंटीमीटरचे, चार सिलिंडरचे, पुशरॉड पद्धतीचे पेट्रोल इंजिन होते. हे आकारमान आणि ही ठेवण फियाटने १९३७ मध्ये '५०८ सी' या गाडीत आणली. म्हणजे १९९० च्या दशकात दादरला टॅक्सी थांबवून आत बसणारा उतारू दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या इटालियन कल्पनेवर स्वार होत असे. तो सिलिंडर ब्लॉक, तो क्रँकशाफ्ट, ते पिस्टन सारे भारतात घडलेले असे, यात शंका नाही. परंतु एखादी वस्तू येथे ओतली गेली आणि ती येथे कल्पिली गेली, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मोटारींच्या इतिहासातले बहुतेक वाद या दोहोंची गल्लत केल्यामुळे होतात.

३/ कथेची सुरुवात मात्र गौरवास्पद आहे आणि ती मराठी मुलखातली आहे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत पाऊल टाकले, आणि तिन्ही ठिकाणी त्यांना ब्रिटिश सरकारच्या थंड प्रतिसादाला तोंड द्यावे लागले. मोटार कारखान्याची मूळ योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तिसाव्या दशकाच्या मध्यात मांडली होती. मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळाने तिला पाठिंबा दर्शवला. पुढे महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि दिल्लीला या कारखान्याची निकड वाटली नाही.

४/ वालचंदांनी तरीही १९४० मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. १९४७ मध्ये कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या त्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या नावांच्या. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि कुर्ल्यात जोडले जायचे. फियाटशी संबंध आला तो १९५१ पासून, आणि '११००' ही गाडी आली १९५४ मध्ये. वालचंद एप्रिल १९५३ मध्ये निवर्तले होते. ज्या गाडीशी त्यांचे नाव आज सहज जोडले जाते, ती त्यांनी रस्त्यावर पाहिलीच नाही.

५/ या टप्प्यावर एक सरकारी निर्णय येतो. पुढच्या साऱ्या वादाचे मूळ त्यात आहे. १९४९ मध्ये पूर्ण बांधून आलेल्या गाड्यांच्या आयातीवर बंदी आली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने जाहीर केले की ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने येथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावे. नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. मुंबईत १९२८ पासून शेवरोले जोडणारी जनरल मोटर्स गेली. फोर्डही गेली. उरली ती कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड.

६/ हा निर्णय चुकीचा होता, असे आज सर्रास लिहिले जाते. ते पटण्यासारखे नाही. जोडणीचा कारखाना चालवायला पान्हे पुरतात. इंजिन बनवायला ओतकाम, मशीनशॉप, उष्णतोपचार, मोजमापाची साधने आणि ती वापरणारी माणसे लागतात. दहाव्या भागाचा पुरवठादार जोवर तयार होत नाही तोवर अकराव्या भागाचा होत नाही. १९४९ ची मद्रासची इंडिया पिस्टन्स, १९५१ ची बंगळुरूची मायको, १९६१ ची लुकास-टीव्हीएस ही सारी रोपटी आयातबंदीच्या कुंपणाआडच वाढली. मायकोचा स्पार्क प्लग घराघरांत माहीत झाला तो या काळात. कुंपण घालणे चूक नव्हते.

७/ चूक पुढे झाली, आणि ती नेमकी कोणती हे सांगण्यासाठी इंजिनातच उतरावे लागेल.

८/ फियाटने १९६२ मध्ये इटलीत '११०० डी' आणली तेव्हा तिला १२२१ घनसेंटीमीटरचे मोठे इंजिन दिले. तीच काया १९६४ मध्ये 'डिलाइट' म्हणून भारतात आली, पण इंजिन मात्र जुने १०८९ चेच राहिले. (फियाट स्वतः पुढे '११०० आर' मध्ये पुन्हा १०८९ वर आली, त्यामुळे केवळ आकड्यावरून कुर्ल्याला हिणवणे अन्यायाचे होईल.) खरा फरक १९६९ मध्ये पडला. त्या वर्षी इटलीने ११०० मालिका बंद केली आणि तिच्या जागी '१२८' आणली: आडवे बसवलेले इंजिन, पुढच्या चाकांना शक्ती, कॅमशाफ्ट थेट सिलिंडर हेडवर. ऑरेलिओ लांप्रेदी यांनी आखलेले ते इंजिन छोट्या गाड्यांच्या रचनेला वेगळे वळण देणारे ठरले. कुर्ल्यात त्यानंतर पाच वर्षांनी, १९७४ मध्ये, एक नाव बदलले. फियाटची 'पद्मिनी' झाली.

९/ नाव बदलले, इंजिन तेच. आणि गंमत अशी की याच काळात गाडीचे भाग जवळपास संपूर्णपणे भारतीय झाले होते. स्वदेशीकरणाच्या कोष्टकात पद्मिनी उत्तम गुणांनी उत्तीर्ण होती. कोष्टकात एक रकाना मात्र नव्हताच: हे इंजिन बदलण्याचे ज्ञान कोणाकडे आहे? कॅमशाफ्टच्या उंचवट्याची रेषा थोडी बदलली तर झडप किती काळ उघडी राहील, त्याने ज्वलनावर काय परिणाम होईल, तेल किती कमी जळेल, हे प्रयोग करून पाहणारी चाचणीशाळा हवी असते. परवान्यासोबत आराखडे मिळतात, ते आराखडे तसे का काढले याची कारणे मिळत नाहीत. ती स्वतः शोधावी लागतात.

१०/ इथे कंपनीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती फारशी सांगितली जात नाही. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमती कायद्याने नियंत्रित केल्या. प्रीमियर या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. कोणत्या मॉडेलचा किती नफा रास्त, याचा हिशेब चौकशी आयोगाने मांडायचा, अशी ती व्यवस्था होती. उत्पादनक्षमता वाढवायला परवाना, नवे मॉडेल आणायला परवाना, परदेशी यंत्र आणायला परकीय चलनाची परवानगी. अशा वातावरणात नवे इंजिन घडवण्याचा खर्च कोणता संचालक मंडळापुढे मांडेल?

११/ तरीही ही सबब अर्धीच मान्य करावी. देशात १९८० च्या सुमारास सर्व कंपन्या मिळून वर्षाला पन्नास हजारही मोटारी बनत नव्हत्या आणि ग्राहक पैसे भरून वर्षानुवर्षे रांगेत उभे होते. रांगेत उभा असलेला ग्राहक तक्रार करत नाही, तो आभार मानतो. ज्या कारखान्याचा माल बनण्याआधीच विकला गेलेला असतो त्याला सुधारणेची निकड भासत नाही. परवानाराजने कंपन्यांचे हात बांधले हे खरे. त्याच दोरीने स्पर्धकांनाही दाराबाहेर बांधून ठेवले होते, हेही खरे. गैरसोय सांगायची आणि सोय झाकायची, हा इतिहास नव्हे.

१२/ उत्तरपाड्याची कथा हिचीच जुळी बहीण. ॲम्बेसेडर १९५७ ची; काही काळातच तिला ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे 'बी मालिकेतले' १४८९ घनसेंटीमीटरचे इंजिन मिळाले. इंग्लंडमध्ये तेच इंजिन वाढत वाढत १६२२ आणि पुढे १७९८ पर्यंत गेले. हिंदुस्तान मोटर्सचे पेट्रोल इंजिन तीन दशकांहून अधिक काळ १४८९ वरच थांबले. ॲम्बेसेडरला खरोखर नवे पेट्रोल इंजिन मिळाले ते १९९० च्या दशकात, आणि ते होते जपानच्या इसुझूचे, १८१७ घनसेंटीमीटरचे.

१३/ दुसऱ्या टोकाला जाऊन पाहू. इंजिन संपूर्ण स्वदेशीच हवे, परदेशी सहकार्य अजिबात नको, असा हट्ट धरला तर काय होते? याचे उत्तर इतिहासाने दिले आहे. १९७० मध्ये संजय गांधींना वर्षाला पन्नास हजार गाड्या बनवण्याचे इरादापत्र मिळाले ते याच अटीवर. गुडगावला जमीन मिळाली, इमारती उठल्या, नमुना-गाड्या दाखवल्या गेल्या. बाजारात मात्र गाडी आली नाही. जनता राजवटीत ती कंपनी अवसायनात निघाली. राजकीय पक्षपाताचा भाग बाजूला ठेवला तरी तांत्रिक धडा उरतोच: ओतशाळा, दात्यांचे चक्र, पिस्टनची रिंग, कार्ब्युरेटरची जेट हे सारे एकदम शून्यातून उभे करण्याची अट ही देशभक्तीची दिसत असली तरी ती न बनणाऱ्या गाडीचीच अट होती.

१४/ याच संदर्भात इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांची आठवण येते. 'मीरा' नावाची छोटी, स्वस्त मोटार त्यांनी स्वतःच्या बुद्धीने घडवली आणि ती चालवून दाखवली. मराठी वाचकांत ही कथा अधूनमधून फिरते आणि प्रत्येक वेळी 'सरकारने मारली' एवढ्यावर संपते. मीराची हकिकत चटका लावणारी आहेच. पण नमुना चालणे आणि दिवसाला शंभर इंजिने एकाच मापाची निघणे यांत जे अंतर आहे ते परवान्याच्या कागदापेक्षा मोठे असते. एक इंजिन कुशल हात बनवू शकतात. दहा हजार एकसारखी इंजिने साचे, मापे आणि पुरवठादारच बनवतात.

१५/ १९८५ च्या आसपास धोरण थोडे सैल झाले आणि तिन्ही जुन्या कंपन्यांनी नव्या गाड्या आणल्या. या तीन गाड्या एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, इतका चांगला तुलनात्मक प्रयोग इतिहासात क्वचित मिळतो.

१६/ हिंदुस्तान मोटर्सने ब्रिटिश व्हॉक्सॉलची काया घेऊन 'कॉन्टेसा' आणली आणि तिच्यात सुरुवातीला आपले जुने १४८९ चेच इंजिन बसवले. एवढी थोरली गाडी आणि जेमतेम ५० अश्वशक्ती. मद्रासच्या स्टँडर्डने रोव्हर एसडी-१ ही त्या काळी देखणी समजली जाणारी गाडी 'स्टँडर्ड २०००' म्हणून आणली, आणि तिच्या पोटात घातले चाळीसच्या दशकातल्या व्हॅनगार्डच्या घराण्यातले १९९१ घनसेंटीमीटरचे इंजिन. इंग्लंडमध्ये याच कायेत साडेतीन लिटरचे व्ही-८ बसत असे. भरमसाट किंमत, तेलाची भूक आणि बेताचा वेग. काही वर्षांतच ही गाडी आणि पाठोपाठ कंपनीचे मोटारनिर्मितीचे स्वप्न दोन्ही मावळले. स्वतःकडे होते तेच इंजिन वापरण्याचा हट्ट, किंवा नाइलाज, किती महाग पडतो याचे हे उदाहरण.

१७/ कुर्ल्याने उलट वाट धरली. स्पेनच्या सेआट कंपनीकडून फियाट १२४ चे साचे घेतले, आणि इंजिन मात्र फियाटचे न घेता जपानच्या निसानचे घेतले: 'ए-१२', ११७१ घनसेंटीमीटर, सुमारे ५२ अश्वशक्ती, सोबत निसानचाच गिअरबॉक्स. गाडीचे नाव '११८ एनई'. त्यातले 'एनई' म्हणजे निसान इंजिन. गाडीच्या नावातच परक्या इंजिनाची जाहिरात करावी लागावी, यात एका पिढीची सारी कबुली आली. ग्राहकाला ठाऊक होते, कंपनीलाही ठाऊक होते: विकली जाणारी गोष्ट हुडाखाली आहे आणि ती इथली नाही.

१८/ अर्थात ते इंजिनही ताजे नव्हते. ए-१२ जपानमध्ये १९७० च्या सनी गाडीसोबत आले होते आणि काया १९६६ ची. तरीही ज्यांनी दोन्ही गाड्या चालवल्या त्यांच्या लेखी फरक दिवस-रात्रीचा होता. तेहतीस वर्षांची उडी एका रात्रीत मारली तर असेच वाटणार.

१९/ आता ती जपानी 'घास घेणारी' गाडी. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाला मिळाली. किंमत ४७,५०० रुपये. इंजिन सुझुकीचे 'एफ८बी': तीन सिलिंडर, ७९६ घनसेंटीमीटर, पट्ट्यावर फिरणारा कॅमशाफ्ट हेडवर. पद्मिनीच्या १०८९ मधून सुमारे ४० अश्वशक्ती निघत होती. मारुतीच्या ७९६ मधून जवळजवळ तेवढीच. त्यात मारुतीचे वजन सुमारे ६५० किलो, पद्मिनीचे ९०० च्या आसपास. या दोन ओळींत पुढच्या पंधरा वर्षांची बाजारपेठ सामावलेली आहे.

२०/ पहिल्या गाड्या जपानमधून सुट्या भागांत आल्या, हे खरेच. १९४७ च्या कुर्ल्यातही हेच घडत होते, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. मारुतीवर अट होती ती पाच वर्षांत ९५ टक्के भाग भारतीय करण्याची. आणि या अटीला इतिहासाने एक अनपेक्षित धक्का दिला. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलर उतरवण्याचा करार केला. दोन-अडीच वर्षांत येनचे डॉलरमधले मूल्य जवळपास दुपटीला पोहोचले. जपानहून येणारा प्रत्येक बोल्ट महागला. स्वदेशीकरण हे धोरण होते. येनने त्याला गरज बनवले.

२१/ त्यातून जे उभे राहिले ते पन्नासच्या दशकातल्या रोपट्यांपेक्षा वेगळे होते. स्टीअरिंग, दिवे, वातानुकूलन यंत्रे यांसाठी मारुतीने भारतीय उद्योजक शोधले, त्यांना जपानी कंपन्यांशी जोडून दिले आणि काही ठिकाणी स्वतः भांडवल घातले. संख्येचा हिशेब इथे निर्णायक ठरतो. ॲल्युमिनियम दाबाने ओतण्याचा पोलादी साचा महाग असतो. वर्षाला दहा-वीस हजार नग काढायचे असतील तर तो परवडत नाही, वाळूच्या साच्यात लोखंड ओतणेच परवडते. लाखभर नग काढायचे असतील तर गणित उलटते. पद्मिनी आणि मारुतीच्या इंजिनांतला फरक केवळ जपानी आणि भारतीय बुद्धीचा नव्हता. तो मोठ्या प्रमाणात वाळूच्या आणि पोलादाच्या साच्याचा, म्हणजे संख्येचा फरक होता.

२२/ मग मारुतीचे इंजिन 'आपले' झाले काय? गुडगावात घडू लागले, स्वस्त झाले, लाखोंनी बनले. आराखडा मात्र हामामात्सूचाच राहिला. कुर्ल्यापेक्षा ही स्थिती एका बाबतीत चांगली होती: आराखड्याचा धनी जिवंत होता, तो बदल करत होता आणि त्याचा स्वतःचा पैसा इथे गुंतलेला होता. प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले तेव्हा हा फरक उघडा पडला. १९९५ मध्ये महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, २००० मध्ये त्याहून कठोर मानके आली. मारुतीला तिच्या घराण्याकडून इंधन-इंजेक्शनचे इंजिन मिळाले. पद्मिनीचे घराणे १९६९ मध्येच तो वाडा सोडून गेले होते.

२३/ कुर्ल्याने शेवटपर्यंत धडपड केली नाही, असे नाही. १९९६ च्या सुमारास पद्मिनीत एफएनएम या इटालियन कंपनीचे १३६६ घनसेंटीमीटरचे डिझेल इंजिन बसवले गेले. शेवटच्या पद्मिनींना निसान वळणाचा पाच गतींचा, पायाशी दांडा असलेला गिअरबॉक्स मिळाला. कल्याणजवळच्या कारखान्यात प्यूजोसोबत '३०९' ही गाडी बनू लागली. प्रत्येक वेळी उत्तर एकच: इंजिन बाहेरून आणा. पन्नास वर्षे इंजिने बनवलेल्या कारखान्याला आपले इंजिन काढता येऊ नये, ही शोकांतिका 'मारुतीने मारले' या दोन शब्दांत मावत नाही. कारखाना थंडावला तेव्हा त्याची किंमत कुर्ल्याच्या कामगारांनी मोजली, ज्यांच्यापैकी कोणालाही इंजिन सुधारायचे की नाही हे कधी विचारले गेले नव्हते.

२४/ प्यूजोची एक उपकथा नोंदवण्याजोगी. कल्याणचा प्रकल्प बुडाला, पण तिथल्या डिझेल गाडीत असलेल्या १५२७ घनसेंटीमीटरच्या 'टीयूडी-५' या इंजिनाने नंतर मारुतीच्या झेन आणि एस्टीमच्या डिझेल आवृत्त्यांत जागा मिळवली. स्वदेशीकरणाचा आदर्श मानल्या जाणाऱ्या मारुतीलाही डिझेलसाठी फ्रान्सकडे हात पसरावा लागला. आयात इंजिन हे अपयशाचे लक्षण असते, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

२५/ याउलट पुणे. टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेन्झशी करार केला तो ट्रकसाठी, आणि १९६९ मध्ये करार संपला तेव्हा ती कंपनी हतबल झाली नाही. कारण सुमंत मुळगावकर यांनी त्याआधीच पुण्यात पाया घातला होता: साचे आणि हत्यारे स्वतः बनवणारी कार्यशाळा, प्रशिक्षणशाळा आणि १९६६ पासूनचे संशोधन केंद्र. त्यांना आज लोक 'सुमो' या गाडीच्या नावातून ओळखतात. त्यांचे खरे स्मारक टूलरूम आहे. ज्या वर्षी टेल्कोने परदेशी नाव आपल्या ट्रकवरून उतरवले, त्याच वर्षी इटलीत ११०० बंद झाली आणि कुर्ला मागे राहिले. दोन कारखान्यांत अंतर दीडशे किलोमीटर, कायदे तेच, परवाने तेच, परकीय चलनाची चणचण तीच.

२६/ म्हणूनच 'परवानाराजमुळे काहीच शक्य नव्हते' हे विधान टिकत नाही. ट्रकची बाजारपेठ वेगळी होती, सरकारची त्यावर मेहेरनजर होती आणि मोटार ही चैनीची वस्तू मानली जात होती, हे सारे मान्य. पण टूलरूम उभारायला मोटारीचा परवाना लागत नव्हता.

२७/ डिसेंबर १९९८ मध्ये 'इंडिका' आली. तिला 'शंभर टक्के भारतीय' म्हणणारे आणि 'सगळे बाहेरून आणलेले' म्हणणारे, दोघेही तेव्हा भांडले आणि आजही भांडतात. वस्तुस्थिती अशी: कायेच्या रेखाटनात तुरीनच्या आयडिया संस्थेचा हात होता, इंजिनाच्या कामात फ्रान्सच्या मोतर मोदेर्न या सल्लागार संस्थेचा. कारखान्याची यंत्रसामग्री निसानच्या ऑस्ट्रेलियातल्या बंद पडलेल्या प्रकल्पातून उचलून बोटीने आणलेली. इंजिन '४७५': चार सिलिंडर, ७५ मिलिमीटरचा बोअर, १४०५ घनसेंटीमीटर.

२८/ ते इंजिन गोड नव्हते. डिझेल आवृत्ती आवाज करी, थरथरे, आणि पहिल्या वर्षी गाडीबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. पण २००१ मध्ये 'व्ही-२' आली आणि तक्रारी पुष्कळ प्रमाणात मिटल्या. अडीच वर्षांत स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करणे: १९५४ ते २००० या काळात पद्मिनीच्या इंजिनाबाबत जे घडले नाही ते हेच. सल्ला विकत घेतला होता, निर्णय विकत घेतला नव्हता. आराखड्यावर खोडरबर चालवण्याचा हक्क पिंपरीत होता.

२९/ एवढ्यावरून पद्मिनीचे इंजिन टाकाऊ ठरवणे मात्र साफ चूक होईल. कंपनीने जे ज्ञान साठवले नाही ते शहराने साठवले. मुंबईत असा टॅक्सीवाला विरळा ज्याला आपल्या गाडीचे इंजिन कोण उघडेल हे ठाऊक नव्हते. ब्लॉक झिजला की बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे, पुन्हा झिजला की आणखी मोठे, मग स्लीव्ह बसवायची. कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात या इंजिनाचा प्रत्येक अवयव मिळे. न बदलणाऱ्या इंजिनाचा हा अनपेक्षित फायदा: वीस वर्षांपूर्वीचा भाग आजच्या गाडीला बसतो, आणि बापाने शिकलेले काम मुलाच्या कामी येते.

३०/ पुढे न्यायालयाच्या रेट्याने मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा हे इंजिन त्या वायूवरही चालू लागले. गॅरेजातल्या मिस्त्रीने केलेली ती सुधारणा होती, कंपनीच्या प्रयोगशाळेची नव्हे. ज्या ज्ञानाला कुर्ल्याच्या कारखान्यात जागा मिळाली नाही ते कारखान्याच्या भिंतीबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. या माणसांचा इतिहास अजून कोणी नीट लिहिलेला नाही. वालचंदांची चरित्रे आहेत, मारुतीवर पुस्तके आहेत. बोअरिंगच्या लेथवर तीस वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाच्या नोंदी नाहीत. ज्यांना विषय हवा आहे त्यांनी वह्या घेऊन निघावे. ती पिढी आता सत्तरीत आहे.

३१/ आणि फियाट? ती परत आली. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याजवळच्या रांजणगावात टाटांसोबतच्या कारखान्यात तिचे १२४८ घनसेंटीमीटरचे 'मल्टिजेट' डिझेल बनू लागले. मारुतीने तेच इंजिन परवान्यावर मानेसरला बनवले. स्विफ्ट, पुंटो, इंडिका व्हिस्टा, तिघींच्या हुडाखाली एकच इटालियन आराखडा. लोक त्याला कौतुकाने भारताचे राष्ट्रीय इंजिन म्हणत. २०२० मध्ये नवी प्रदूषण मानके आली आणि मारुतीने ते बंद केले. कुर्ल्याची मोजकीच जुनी इंजिने तेव्हाही मुंबईत भाडी मारत होती.